अवरोधक घातला, पेशी थांबली. पण थांबवले नेमके कोणाला?

रासायनिक अवरोधक म्हणजे एखाद्या प्रथिनाला चिकटून त्याचे काम बंद पाडणारे लहान रेणू. पेशीतील प्रथिनांची कार्ये शोधताना त्यांचा हत्यार म्हणून वापर होतो. त्या वापराबद्दल आलेली सहा पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी पेशीजीवशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. एका कायनेज प्रथिनाचा (दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेट बसवणाऱ्या विकराचा, म्हणजे एन्झाइमचा) पेशींच्या स्थलांतराशी काय संबंध आहे, हा माझ्या प्रकल्पाचा विषय होता. त्या प्रथिनाचा अवरोधक म्हणून विकला जाणारा रेणू मी २० मायक्रोमोलार संहतीत वापरला आणि पेशींची हालचाल थांबली, त्यावरून 'हे प्रथिन स्थलांतरासाठी आवश्यक आहे' असा निष्कर्ष काढला. तोंडी परीक्षेत परीक्षक म्हणाले, "तुमचा आलेख रेणूबद्दल बोलतो, प्रथिनाबद्दल नाही." त्यांचे म्हणणे बरोबर आहे का?

उत्तर : बरोबर आहे, पण ते मनाला लावून घेऊ नका, याच ठिकाणी तुमच्यापेक्षा कितीतरी अनुभवी मंडळी अडखळली आहेत. तुमच्या प्रयोगातून सिद्ध होते ते एवढेच, की त्या बाटलीतला रेणू २० मायक्रोमोलार संहतीला पेशींची हालचाल थांबवतो. तो रेणू त्या प्रथिनाला थांबवतो, हे विक्रेत्याच्या माहितीपत्रकातले विधान आहे. म्हणून ते प्रथिन हालचालीला लागते, हा तुमचा तर्क आहे, आणि रेणू त्या प्रथिनाखेरीज दुसऱ्या कोणालाही हात लावत नाही, हे गृहीतक त्यात न सांगता शिरले आहे.

कायनेजांच्या बाबतीत हे गृहीतक फारच कच्चे असते. मानवी जीनोममध्ये ५०० हून अधिक कायनेजांची जनुके आहेत, आणि ही सारी प्रथिने फॉस्फेट घेतात ती एटीपी या पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एकाच रेणूकडून. साहजिकच एटीपी बसण्याची खाच सगळ्यांमध्ये मिळतीजुळती असते, आणि बहुतेक अवरोधक त्याच खाचेत शिरून काम करतात. स्टॉरोस्पोरिन हा रेणू १९७७ मध्ये एका स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूपासून मिळाला, १९८६ मध्ये तो प्रोटीन कायनेज सी चा प्रबळ अवरोधक म्हणून पुढे आला, आणि नंतर तो जवळजवळ साऱ्या कायनेज कुळालाच अडवतो असे दिसले. २००० साली डंडी विद्यापीठातील संशोधकांनी बाजारात 'निवडक' म्हणून मिळणारे २८ अवरोधक घेऊन ते अनेक कायनेजांवर एकाच पद्धतीने तपासले, तेव्हा त्यांतल्या कित्येकांचा निवडकपणा नावापुरताच निघाला. प्रोटीन कायनेज ए चा अवरोधक म्हणून असंख्य शोधनिबंधांत वापरलेला एच-८९ हा रेणू इतरही अनेक कायनेजांना तितक्याच जोमाने थांबवत होता. त्या जुन्या निबंधांतली निरीक्षणे खोटी ठरली नाहीत. पण त्यांवर कोणाचे नाव लिहायचे, हे अनिश्चित झाले.

याहून बोलका दाखला मेल्क या कायनेजाचा आहे. कर्करोगाच्या पेशींच्या वाढीला हे प्रथिन लागते असे वर्षानुवर्षे मानले जात होते, आणि त्याचा अवरोधक म्हणून तयार केलेला ओटीएसएसपी-१६७ हा रेणू रुग्णांवरील चाचण्यांपर्यंत पोहोचला होता. २०१७ मध्ये काही संशोधकांनी क्रिस्पर या जनुके कापण्याच्या तंत्राने मेल्कचे जनुकच निकामी केले. पेशी पूर्वीसारख्याच वाढत राहिल्या. मग त्यांनी या मेल्कविरहित पेशींवर तोच अवरोधक घातला, आणि त्या पेशी मेल्क असलेल्या पेशींइतक्याच निमूटपणे थांबल्या. म्हणजे रेणू परिणामकारक होता, फक्त त्याचा परिणाम मेल्कमधून होत नव्हता. याच गटाने २०१९ मध्ये पीबीके या प्रथिनाचा अवरोधक समजला जाणारा ओटीएस-९६४ तपासला. त्याला दाद न देणाऱ्या पेशी त्यांनी मुद्दाम निवडून काढल्या, तर त्यांच्यात बदल सापडला तो सीडीके-११ या भलत्याच कायनेजात. आणि तेवढा एक बदल ताज्या पेशींत घातला, की त्याही दाद देईनाशा झाल्या. रेणूचे खरे लक्ष्य कोण, हे इतक्या निःसंदिग्धपणे सांगणारा दुसरा पुरावा मला ठाऊक नाही.

तुमच्या प्रकल्पात हीच रीत लागू पडण्यासारखी आहे. प्रथिनाच्या खाचेत एखादे अमिनो आम्ल बदलून असे रूप करायचे, की त्याचे काम चालू राहील पण अवरोधक आत बसणार नाही. हे रूप पेशींना दिल्यावर अवरोधक असतानाही त्या चालू लागल्या, तर परीक्षकांना द्यायला उत्तर तयार आहे. पी-३८ या कायनेजात १०६ व्या स्थानावरचे थ्रिओनिन काढून तेथे अधिक जागा व्यापणारे मेथिओनिन घातले, की एसबी-२०३५८० या अवरोधकाला आत शिरायला वाव राहत नाही, हे १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून माहीत आहे. एवढा खटाटोप शक्य नसेल, तर निदान दोन गोष्टी कराव्यात. त्याच प्रथिनाचा, पण रासायनिक बांधणी पूर्णपणे वेगळी असलेला दुसरा अवरोधक वापरून पाहावा, कारण दोन अनोळखी रेणूंची चूक एकाच ठिकाणी होण्याची शक्यता कमी असते. शिवाय पहिल्या रेणूचे निष्क्रिय भावंड मिळते का ते शोधावे. बीआरडी-४ या प्रथिनाला अडवणारा जेक्यू-१ हा रेणू २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याचे आरशातल्या प्रतिमेसारखे उलटे रूपही सोबत देण्यात आले. त्यात अणू तेच, वजन तेच, विद्राव्यताही तीच; केवळ मांडणी उलट असल्याने ते प्रथिनाला धरत नाही. परिणाम फक्त सुलट्या रूपानेच होत असेल, तर तो लक्ष्यामुळे होत असल्याचा भरवसा पुष्कळच वाढतो.

हे सगळे सर्वांना पाठ असते, पण केले जात नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात आठ नामांकित अवरोधक वापरणारे ६६२ शोधनिबंध तपासले गेले. शिफारस केलेली संहती, निष्क्रिय भावंड आणि वेगळ्या बांधणीचा दुसरा रेणू या तिन्ही गोष्टी पाळणारे निबंध त्यांत अवघे ४ टक्के निघाले. तेव्हा तुमचे परीक्षक कडक नव्हते, जागरूक होते.

प्रश्न : माझ्या अवरोधकाच्या पत्रकावर 'आयसी-५० : ८ नॅनोमोलार' असे लिहिले आहे, पण माझ्या पेशींवर १०० नॅनोमोलारलाही काहीच होत नाही. रेणू खराब असेल का? आणि मग संहती किती घ्यावी?

उत्तर : रेणू खराब असू शकतो, पण आधी ८ हा आकडा कोठून आला ते पाहा. शुद्ध केलेले प्रथिन नळीत घेऊन, त्याची क्रिया निम्म्यावर आणायला जेवढी संहती लागली, ती आयसी-५०. एटीपीशी स्पर्धा करणाऱ्या अवरोधकाच्या बाबतीत हा आकडा नळीत एटीपी किती होते, यावर ठरतो. समजा, तुमच्या प्रथिनाचा एटीपीसाठीचा मायकेलिस स्थिरांक (एटीपीच्या ज्या संहतीला प्रथिन कमाल वेगाच्या निम्म्याने काम करते, ती) १० मायक्रोमोलार आहे आणि चाचणीतही एटीपी तेवढेच होते. मग खरा बंधन-स्थिरांक ८ च्या निम्मा, म्हणजे ४ नॅनोमोलार होतो. आता पेशीत या. तेथे एटीपी मिलिमोलारच्या घरात असते. २ मिलिमोलार, म्हणजे २,००० मायक्रोमोलार धरले, तर ते स्थिरांकाच्या २०० पट झाले, आणि निम्म्या अवरोधासाठी ४ नॅनोमोलारच्या २०१ पट, म्हणजे सुमारे ८०० नॅनोमोलार रेणू लागेल. त्यातून काही रेणू संवर्धन-माध्यमातल्या सीरमच्या प्रथिनांना चिकटतात, काही पेशीपटलातून आतच जात नाहीत, काही आत गेलेले पंपांकडून बाहेर फेकले जातात. १०० नॅनोमोलारला काही न होणे हे या हिशेबात अगदी अपेक्षित आहे.

पण याचा अर्थ काहीतरी होईपर्यंत संहती वाढवत राहायची, असा नाही. तशी वाढवली की काहीतरी होतेच. पुरेशा संहतीला कोणताही रेणू पेशीला त्रास देतो, आणि काही रेणू तर आपसांत गोळा होऊन त्या गोळ्यांवर दिसेल ते प्रथिन शोषून घेतात. शुद्ध प्रथिनांच्या चाचणीत अतिसौम्य डिटर्जंट घातल्यावर अवरोध नाहीसा झाला, तर असा गोळ्यांचा प्रकार होता असे समजावे. चांगल्या संशोधन-अवरोधकाची आज साधारण मानली जाणारी कसोटी अशी, की नळीत तो १०० नॅनोमोलारच्या (०.१ मायक्रोमोलारच्या) आत काम करावा, आपल्या कुळातल्या इतर प्रथिनांपेक्षा लक्ष्यावर किमान ३० पट प्रभावी असावा, आणि पेशीत १ मायक्रोमोलारच्या आसपास लक्ष्यावर परिणाम दाखवावा.

संहतीचा आकडा दुसऱ्याच्या निबंधातून उचलू नये, हा माझा आग्रह आहे. तुमचे कायनेज ज्या प्रथिनावर फॉस्फेट बसवते, त्या फॉस्फेटला ओळखणारे प्रतिपिंड घ्या, अवरोधकाची संहती तिपटीतिपटीने वाढवत सात-आठ थाळ्या लावा, आणि वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिने आकारानुसार वेगळी करून प्रतिपिंडाने दाखवणाऱ्या चाचणीत) फॉस्फेटची पट्टी कोणत्या थाळीपासून पुसट होते ते पाहा. त्याच थाळ्यांमधली हालचाल, वाढ किंवा जे काही तुम्ही मोजत असाल, ते शेजारी मांडा. पट्टी अर्ध्या मायक्रोमोलारला नाहीशी होते आणि हालचाल मात्र १५ मायक्रोमोलारला थांबते, असे दिसले तर मधल्या पट्ट्यात प्रथिन बंद आहे आणि पेशी चालते आहे; म्हणजे ती थांबते त्याचे कारण दुसरे आहे. आणखी एक, फक्त डीएमएसओ (अवरोधक ज्यात विरघळवतात ते द्रावक) घातलेली थाळी प्रत्येक वेळी हवी, आणि सगळ्या थाळ्यांत त्याचे प्रमाण सारखे, शक्यतो ०.१ टक्क्याच्या आत ठेवायला हवे. हे सांगावे लागू नये; पण सांगावे लागते.

प्रश्न : क्रिस्परने कोणतेही जनुक काढता येत असताना, इतके धोके पत्करून अवरोधक वापरावेच कशाला?

उत्तर : वेळेसाठी. जनुक काढल्यापासून पेशीतले जुने प्रथिन संपेपर्यंत दिवस जातात, आणि तेवढ्या काळात पेशी स्वस्थ बसत नाही. ती दुसऱ्या प्रथिनांकडून काम भागवून घेते, किंवा मरून जाते. अवरोधक मिनिटांत पोहोचतो. ज्या घटना तासाभरात आटोपतात, त्यांच्या मधोमध हस्तक्षेप करायचा तर हा फरक निर्णायक ठरतो.

मोनॅस्ट्रॉलचे उदाहरण घ्या. १९९९ मध्ये १६,००० हून अधिक रेणूंची चाळणी करून तो वेगळा काढला गेला. विभाजनाला निघालेल्या पेशीत एरवी दोन ध्रुव एकमेकांपासून दूर जातात, त्यांच्यामध्ये सूक्ष्मनलिकांचा (प्रथिनांच्या बारीक नळ्यांचा) तर्कू तयार होतो आणि गुणसूत्रे त्याच्या मध्यावर ओळीने उभी राहतात. मोनॅस्ट्रॉल असताना ध्रुव वेगळे होतच नाहीत. सूक्ष्मनलिका एकाच केंद्रातून फुलबाजीच्या ठिणग्यांसारख्या चहूकडे फुटतात आणि गुणसूत्रे त्यांच्याभोवती कडे करून अडकून राहतात. या एकाकी ताऱ्यावरूनच रेणूला नाव मिळाले. त्याचे लक्ष्य होते ईजी-५ हे कायनेसिन कुळातले चालक प्रथिन. खरी गंमत पुढे आहे : माध्यम बदलून रेणू धुऊन काढला, की त्याच पेशीत ध्रुव वेगळे होतात, तर्कू लांबतो आणि थांबलेले विभाजन पुरे होते. काढून टाकलेले जनुक असे अर्ध्या वाटेवर परत देता येत नाही. (मोनॅस्ट्रॉल मायक्रोमोलारच्या दोन-तीन आकडी संहतीलाच काम करतो, म्हणजे वरच्या उत्तरातल्या कसोटीला तो उतरणार नाही, तरीही त्याने शिकवले ते कमी नाही. नंतर त्याच प्रथिनाचे अधिक प्रभावी अवरोधक तयार झाले.)

दुसरे कारण असे, की कधी कधी प्रथिनाच्या आधी अवरोधक हाती लागतो. कोल्चिसिन पेशीविभाजन थांबवते हे ठाऊक होते, पण ते कोणाला पकडते हे नव्हते. शिकागो विद्यापीठात किरणोत्सारी हायड्रोजन जोडलेले कोल्चिसिन वापरून ते ज्याला चिकटते त्या प्रथिनाचा माग काढण्यात आला. १९६७ मध्ये वर्णन झालेले ते प्रथिन आज ट्युब्युलिन म्हणून ओळखले जाते, आणि सूक्ष्मनलिका त्याच्याच विटांनी रचलेल्या असतात. ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालेल्या रॅपामायसिनची कथाही अशीच आहे. १९७५ मध्ये बुरशीनाशक म्हणून नोंदवल्या गेलेल्या या रेणूला दाद न देणारे यीस्ट १९९१ मध्ये शोधले गेले, आणि त्यांच्यातल्या बदललेल्या जनुकांना नाव देण्यात आले 'टॉर', म्हणजे रॅपामायसिनचे लक्ष्य. पेशीच्या वाढीचे नियमन करणारे इतके मध्यवर्ती प्रथिन आपल्या अवरोधकाच्या नावाने ओळखले जाते.

मात्र याच रॅपामायसिनने पुढे दिशाभूलही केली. ते परिणाम करत नाही म्हणजे त्या कामात टॉरचा हात नाही, असे बराच काळ लिहिले जात होते. २००९ मध्ये टॉरच्या एटीपी-खाचेतच बसणारे नवे अवरोधक आले, तेव्हा टॉरची कित्येक कामे रॅपामायसिन असतानाही चालू राहत होती, हे उघड झाले. अवरोधक घातला म्हणजे प्रथिन पूर्ण बंद झाले, असे धरून चालता येत नाही.

प्रश्न : आमच्याकडे जनुक काढल्यावर एक परिणाम दिसतो आणि अवरोधकाने दुसराच. कोणता प्रयोग चुकला समजायचे?

उत्तर : दोन्ही प्रयोग बरोबर असू शकतात. जनुक काढले की प्रथिन नाहीसे होते. अवरोधक घातला की प्रथिन जागेवर असते, फक्त त्याची एक क्रिया थांबते. प्रथिन विकर म्हणून काम करतेच, शिवाय इतर प्रथिनांना एकत्र धरून ठेवणारा खांबही असू शकते, आणि खांब जाणे व विकर थांबणे या दोन वेगळ्या घटना आहेत. पीआय-३-कायनेज गॅमाबाबत २००४ मध्ये हे उंदरांत स्वच्छ दिसले. जनुक पूर्ण काढलेल्या उंदरांत हृदयाच्या आकुंचनाचा जोर वाढला. पण प्रथिन तसेच ठेवून केवळ कायनेज क्रिया मारलेल्या उंदरांत तो नेहमीइतकाच राहिला. ते प्रथिन हृदयपेशीत आणखी एका विकराला जागेवर धरून ठेवत होते, आणि त्या कामाला कायनेज क्रियेची गरजच नव्हती.

कधी उलटेही होते. राफ कायनेजांचे काही अवरोधक, बी-राफ या त्यांतल्याच एका प्रथिनात उत्परिवर्तन नसलेल्या पेशींत पुढची संदेशसाखळी थांबवण्याऐवजी जोरात चालू करतात, हे २०१० मध्ये दाखवले गेले : अवरोधक जोडीतल्या एका रेणूला धरतो आणि त्या पकडीमुळे जोडीतला दुसरा जागा होतो. तुमच्या कोड्यात पहिला प्रयोग म्हणून, काढलेल्या जनुकाच्या जागी क्रियाहीन पण आकाराने अखंड असे प्रथिन घालून पाहा. त्याचे फळ अवरोधकासारखे आले, तर उत्तर मिळाले. जनुक काढलेल्या पेशींवर अवरोधकही घालून पाहा. तेथेही त्याचा परिणाम होत असेल, तर मग मात्र पहिल्या पत्राचे उत्तर पुन्हा वाचावे.

प्रश्न : रुग्णांना दिले जाणारे मान्यताप्राप्त औषध संशोधनातही सर्वात विश्वासार्ह अवरोधक असेल ना?

उत्तर : नाही. औषधाने रुग्णाला बरे करावे एवढीच अपेक्षा असते. ते किती प्रथिनांना धरून तसे करते, याला दुय्यम महत्त्व आहे. इमॅटिनिब बीसीआर-एबीएलला (एबीएल या कायनेजाच्या कर्करोगातल्या बदललेल्या रूपाला) अडवते म्हणून रक्ताच्या एका कर्करोगात दिले जाते, आणि केआयटी या दुसऱ्याच प्रथिनाला अडवते म्हणून पचनमार्गातल्या एका गाठीवरही चालते. रुग्णाच्या दृष्टीने हा लाभ आहे. फक्त एबीएलचे कार्य शोधणाऱ्याच्या दृष्टीने हीच अडचण आहे.

प्रश्न : पेशीला आकुंचन देणारे मायोसिन-२ हे प्रथिन थांबवण्यासाठी ब्लेबिस्टॅटिन हा अवरोधक वापरतो. इनक्युबेटरमध्ये ठेवलेल्या पेशी ठणठणीत असतात, पण सूक्ष्मदर्शकाखाली त्याच पेशींचे हिरव्या प्रतिदीप्तीचे चलचित्र घ्यायला लागले, की काही वेळाने त्या आक्रसून मरतात, आणि कधी कधी त्याआधी पुन्हा आकुंचन पावू लागतात. रेणूची नवी बाटली आणूनही तेच होते.

उत्तर : बाटलीचा दोष नाही, दिव्याचा आहे. ब्लेबिस्टॅटिनचे द्रावण उजेडात धरून पाहा. ते पिवळे दिसते, कारण ते निळा प्रकाश शोषते. हिरवे प्रतिदीप्त प्रथिन चेतवायला तुम्ही ४८८ नॅनोमीटरचा, म्हणजे निळाच प्रकाश टाकत आहात. त्या प्रकाशाने रेणू मोडतो, त्यामुळे मायोसिन मोकळे होऊन आकुंचन परत येते. आणि मोडताना जी विषारी द्रव्ये तयार होतात, ती पेशीला मारतात. तुम्हाला दिसलेल्या दोन्ही गोष्टींचा उलगडा यात आहे. हा रेणू २००३ मध्ये वापरात आला आणि पाठोपाठ त्याचा हा स्वभावही नोंदवला गेला, पण बाटलीच्या चिठ्ठीवर तो कोणी छापत नाही.

आणखी एक पाहून ठेवा. प्रतिदीप्तीचा दिवा बंद करून साध्या प्रकाशात थाळीच्या तळाकडे नजर टाकली, तर बारीक सुयांसारखे स्फटिक पडलेले दिसतील. ब्लेबिस्टॅटिन पाण्यात फार कमी विरघळते. तुम्ही ५० मायक्रोमोलार घातले असे वहीत लिहिले असले, तरी द्रावणात तेवढे उरलेले नसते. प्रतिदीप्तीचे चिन्ह बदलून लाल प्रथिन वापरा आणि ते सुमारे ५६० नॅनोमीटरच्या प्रकाशाने चेतवा, किंवा ब्लेबिस्टॅटिनऐवजी २०१४ मध्ये आलेले पॅरा-नायट्रो रूप अथवा नंतरचे पॅरा-अमिनो रूप घ्या. ही दोन्ही रूपे प्रकाशात टिकतात, आणि त्यांतले पॅरा-अमिनो रूप पाण्यातही बरेच अधिक विरघळते. मायोसिनला न धरणारे ब्लेबिस्टॅटिनचे उलटे रूप विकत मिळते. तेही एका थाळीत घाला, आणि त्या थाळीवर दिवा तितकाच वेळ चालू ठेवा.